बाई, त्यानं ‘घिस्सा’ वाचला

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. माईक हातात घेतला, घसा दाटून आला आणि तशीच खाली बसले. तेव्हाचं राहिलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते, कारण आमच्यासारखी घरं कोल्हापुरात अजून बरीच असणार.

धाकटा तिसरीत तुमच्या वर्गात आला, त्याआधीच्या शाळेनं ‘हुशार आहे, पण आळशी’ एवढं सांगून हात झटकले होते. मीही तेच खरं धरलं. संध्याकाळी ब्लाऊज शिवता शिवता त्याला समोर बसवायचे आणि चौथ्यांदा ‘ध’चा ‘घ’ झाला की लाकडी पट्टी उचलायचे. हे मी तुमच्याजवळ कबूल केलं, त्या दिवशी तुम्ही मला बोल लावला नाही. एवढंच विचारलंत, “तो अडतो कुठं, ते बघितलंय का?” मी बघितलंच नव्हतं. चुका तेवढ्या मोजत होते.

तुम्ही आधी त्याचे डोळे आणि कान तपासून आणायला लावलेत. दोन्ही ठीक होते. मग चाचण्यांना पाठवलंत. बुद्ध्यांक चांगला, पण वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता, असा कागद हातात आला आणि त्याचे बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तुम्ही मंगळवार पेठेत आमच्या घरी आलात. हा आजार नाही, याला औषध नाही, पण शिकवायची रीत बदलली तर पोरगं वाचेल, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलंत.

आणि मग ती वही. आजोबा त्याला लहानपणापासून खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे, त्यामुळे सगळे डाव त्याच्या तोंडपाठ. तुम्ही म्हणालात, “तू सांग, मी लिहिते.” तो सांगत गेला, तुम्ही मोठ्या अक्षरांत, ओळींत भरपूर जागा सोडून लिहीत गेलात. तेच त्याचं पहिलं पुस्तक. आधी ‘पट’, दोनच अक्षरं. मग ‘ढाक’, मग ‘कलाजंग’. ‘घिस्सा’ला मात्र तीन आठवडे लागले. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, हे मला उभ्या आयुष्यात जाणवलं नव्हतं. त्याला नेमकं तेच अडत होतं. तुम्ही ताटात रांगोळी पसरून त्याच्याकडून ते बोटानं गिरवून घेतलंत, तोंडानं मोठ्यानं म्हणत. जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून दिलीत, म्हणजे खालच्या ओळी डोळ्यांपुढं गर्दी करणार नाहीत. तो पुठ्ठा अजून दप्तरात आहे, कडा मऊ पडल्यात.

आकड्यांचंही तसंच. ‘एक्केचाळीस’ म्हटलं की कानावर आधी एक पडतो, म्हणून तो १४ लिहायचा. तुम्ही माझ्या गळ्यातला टेप मागून घेतलात. “चाळीसवर बोट ठेव. आता एक पुढं सरक.” तेव्हापासून गिऱ्हाइकांची मापं तोच टेपवर वाचून सांगतो, मी लिहून घेते.

वर्गात तो सलग बसू शकत नाही, हे कळल्यावर फळा पुसायचं, वह्या गोळा करायचं काम त्याला दिलंत. इतर मुलांनी विचारलं, तेव्हा “त्याला हालचाल लागते, तुला चष्मा लागतो” एवढंच सांगितलंत, आणि वर्गाला ते पटलं.

शाहू महाराजांनी १९१७ साली इथं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. मी तर पोराला रोज वेळेवर सोडत होते, तरी दोन वर्षं तो शेवटच्या बाकावर शिक्षणाबाहेरच बसला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे, परीक्षेत जादा वेळ मागता येतो, गरज पडली तर लेखनिकही मिळतो, हे मला तुमच्याकडून कळलं. नाहीतर कुणाकडं काय मागायचं, हेच माहीत नव्हतं.

तो आता सहावीत आहे. वाचन सावकाश आहे, शुद्धलेखन अजून कच्चं आहे. पण परवा केएमटीची बस लांबून येताना दिसली आणि त्यानं पाटी माझ्याआधी वाचली. “आई, रंकाळा.” मी बसमध्ये चढायचं विसरून त्याच्याकडं बघत राहिले.

कुस्तीची वही भरत आलीय. शेवटची चार पानं त्यानं कोरी ठेवलीत, ती बाईंसमोर लिहायची म्हणतो. रविवारी या. पुरणपोळी करते.

तुमची,
तुमच्या विद्यार्थ्याची आई