फिटची गोळी आणि परमा

प्रिय मीनल,

फिटच्या (आकडीच्या) गोळीने परमा, म्हणजे गनोरिया, बरा होतो का, असं विचारलं होतंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. लडाखला निघालेले लोक खिशात ठेवतात ती डायमॉक्सच. १९५० च्या दशकातलं औषध. काचबिंदूला देतात, काही रुग्णांना फिटसाठीही. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम ती बंद पाडते. आता आमच्या लॅबमधली कँडल जार आठव. जंतू वाढवायच्या चॉकलेट अगारच्या प्लेट्स बरणीत रचायच्या, मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझेपर्यंत आत कार्बन डायऑक्साइड साचतो. परम्याच्या जंतूला, गोनोकॉकसला, तो हवाच असतो, आणि त्यापासून बायकार्बोनेट करायला त्यालाही हेच एन्झाइम लागतं. गोळी त्याला नेमकी तिथे अडवते. अशा औषधांनी नेसेरियाची (गोनोकॉकस ज्या कुळातला त्या जंतूंची) वाढ थांबते हे १९६० च्या दशकातच दिसलं होतं, पण पुढे ते मागेच पडलं.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमधले मोहम्मद सलीम आणि पर्ड्यू विद्यापीठातले डॅनियल फ्लाहर्टी यांच्या गटांनी तो विषय पुन्हा हाती घेतला. उंदरांना तीन दिवस औषध दिल्यावर योनीमार्गातले जंतू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. ऐकायला हे भरघोस वाटतं. पण तू-मी प्लेटवर कॉलन्या मोजल्यात गं! दहा लाखांतले लाखभर उरले तर ते पुन्हा फोफावणारच. म्हणून आज कुणालाही ही गोळी परम्यासाठी लिहून द्यायची नाही. जंतूच्या एन्झाइमला जास्त घट्ट बसतील असे नवे रेणू याच गोळीवरून घडवायचे, खरी आशा मला तिथे दिसते.

आणि आशा हवीच आहे. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रो, परम्यावरची ही औषधं एकेक करून सगळी हातातून गेली. आता मुख्य आधार सेफट्रायक्सोनच्या इंजेक्शनचा, त्यावर किती दिवस काढायचे? बायकांमध्ये तर हा आजार गुपचूप राहतो. गर्भनलिका खराब होतात, मूल राहत नाही म्हणून बाई दवाखान्यात येते, आणि घरचे बोल तिलाच लावतात. याचा मला फार त्रास होतो.

तुझ्याकडून एक हवंय. ग्रे किट (अशा लक्षणांवर द्यायच्या गोळ्यांचं सरकारी पाकीट) हातात देण्याआधी स्वॅब घे. कुठल्या औषधाला जंतू दाद देत नाही, हे कल्चरशिवाय, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहिल्याशिवाय, कळणार कसं? फक्त स्वॅब फ्रिजमध्ये ठेवू नकोस, थंडीत गोनोकॉकस मरतो. घेतला की लगेच पाठव, मी प्लेट तयार ठेवते.

तुझी,
वैशाली