दादा, ग्राफिक्स कार्ड घेऊ दिलं नाहीत त्याबद्दल

आदरणीय दादा,

समोर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. आता पूर्ण वाचावंच लागेल.

"ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, कुठलं घेऊ?" एवढाच माझा प्रश्न होता. असं कुणालाही विचारलं की लगेच मॉडेलचं नाव मिळतं आणि त्याच्यावरचंही एक सुचवलं जातं. तुम्ही मात्र उलट मलाच विचारत बसलात. गेम कुठले खेळतोस? मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलणारा? आणि अडखळतो कधी, मोकळ्या मैदानात की दहा जण एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा? हा तिसरा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. उत्तर होतं, गर्दीत. एकटा फिरत असलो की सगळं लोण्यासारखं, आणि ऐन मारामारीत चित्र गचके खायचं.

मग तुम्ही सांगितलेली ती चाचणी. गेमचं रिझोल्यूशन मुद्दाम एकदम खाली आणायचं आणि त्याच गर्दीच्या जागी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा, बघायचा. कार्डाला दम लागत असेल तर आकडा उसळी मारेल. तो जागचा हलला नाही तर कार्ड बिचारं मोकळंच बसलंय, वाट बघतंय ती प्रोसेसरची. आकडा हलला नाही. माझं आरएक्स ५८० कार्ड त्या गदारोळात साठ टक्क्यांच्या आसपास काम करत होतं. त्याच्या जागी दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं असतं तरी त्यानंही तशीच वाट बघितली असती.

तरी मी हुज्जत घातलीच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर पन्नास टक्क्यांच्याही खाली दिसत होता, मग अडतंय कुठे? यावर तुम्ही जे समजावलंत ते मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवतोय. माझ्या रायझन ५ १६०० प्रोसेसरमध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडून बसलं, तर तो एक थ्रेड शंभर टक्के भरूनही एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. बाकीचे अकरा आरामात, आणि सरासरी म्हणते सगळं ठीक आहे. सरासरीवर विश्वास ठेवू नये हे शाळेत शिकवायला हवं, पण ते असो.

मदरबोर्ड बदलावा लागणार या धास्तीने मी प्रोसेसरचा विचारच बाजूला ठेवला होता. बोर्ड बदलला की रॅम आली, कदाचित कूलरही आला, म्हणजे बजेट संपलंच. माझा बोर्ड बी३५० चा, २०१७ च्या काळातला. त्यावर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० चालतो, कारण सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) तोच एएम४ आणि एएमडीने त्याच वर्षी ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेचा सपोर्ट दिला, हे तुम्ही सहज बोलून गेलात. माझ्यासाठी त्या एका वाक्यात अख्खं बजेट वाचलं. अट एकच: नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर) सुरूच होणार नाही, म्हणून आधी जुना बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचा. आणि ते करण्याआधी बोर्डाच्या पानावर त्या आवृत्तीखालची बारीक अक्षरातली टीप वाचायची, मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते का ते बघायचं. मी ती टीप तीनदा वाचली. मधली आवृत्ती टाकावीच लागली.

रॅमचं फारसं काही नाही. एका स्टिकच्या दोन झाल्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारा पर्याय, चालू केला. ३२०० लिहिलेली रॅम हा पर्याय चालू करेपर्यंत बरीच हळू धावत असते, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

पॉवर सप्लायबद्दल मात्र तुम्ही चक्क आवाज चढवलात. डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा सोडून स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचायला लावलीत, तिथले अँपिअर बाराने गुणायला लावलेत. माझा पास झाला, म्हणून तो तसाच राहिला. पण "पुढे कधी बदललास तर केबलीही त्याच्याबरोबर बदल" हे तुम्ही दोनदा बजावलंत. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबली दिसायला सारख्या, खाचेत बसतातही, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते आणि चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्टेज आला की एसएसडी गेलीच म्हणून समजा. यावर मी एक कागद लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवलाय.

आणि आता त्या संध्याकाळबद्दल. कूलर काढण्याआधी गेम चालू ठेवून मशीन चांगलं तापव, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला ती थट्टा वाटली. कारण कळलं ते स्क्रू सुटल्यावर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, आणि प्रोसेसर व कूलरच्या मधली थर्मल पेस्ट थंड होऊन घट्ट झाली असेल तर कूलर ओढताना लिव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. १३३१ पिना, त्यातली एक वाकली तरी रात्र गेली. तुम्ही फोनवर होतात. "ओढू नकोस, पिळ. डावीकडे थोडा, उजवीकडे थोडा." पेस्ट सुटल्याचा तो चिकट, ओला आवाज आला आणि कूलर हातात आला, प्रोसेसर जागच्या जागी.

नवा बसवून मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना: नवा सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रीसेट करायचं का, वाय की एन. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं नसतंत तर माझं बोट त्या दोन कळांवर किती वेळ थरथरलं असतं, देव जाणे. बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की आदल्या दिवशीच कागदावर उतरवून घेतली होती, तीही तुमच्याच सांगण्यावरून. वाय दाबलं, विंडोजने ती रिकव्हरी की विचारली, तिचे आकडे टाकले, विंडोज उघडलं.

आता गर्दीतही कार्ड जवळजवळ पूर्ण ताकदीने चालतं. सरासरी एफपीएस वाढला, पण मला फरक जाणवला तो तुम्ही बघायला लावलेल्या एक टक्का लो या आकड्यात, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमांच्या वेगात. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमला सातेक मिलिसेकंद मिळतात, मधेच एखादी फ्रेम चाळीसला गेली की डोळ्याला गचका बसतो. ते गचके आता जवळपास बंद. मॉनिटरचा विषय निघालाच आहे तर, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० हर्ट्झवर तर नाही ना हे तुम्ही पहिल्याच दिवशी तपासायला लावलंत. होता १४४ वरच, पण तुमचा चेहरा बघून वाटलं की बऱ्याच जणांकडे तो ६० वरच सापडला असणार.

जुना १६०० त्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवलाय, पिना सरळ आहेत. तुमच्याकडे कुणी रिकामा एएम४ बोर्ड घेऊन आला तर माझ्याकडे पाठवा, पैसे नकोत.

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. रंगीत दिव्यांच्या पंख्यांनी एक फ्रेमही वाढत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण कॅबिनेटला काच आहे दादा, आणि तुमच्यामुळे पैसेही उरलेत. ऑर्डर केलेत.

तुमचा,
अजूनही आरएक्स ५८० वरच खेळणारा