सूचना : परिशिष्ट-२ साठी कागदपत्र तपासणी, येत्या रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली पात्रता परिशिष्ट-२ वरून, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीवरून ठरते. म्हणून येत्या रविवारी सकाळी दहा ते एक संस्थेच्या खोलीत कागदपत्रं तपासून देऊ. मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही आणा : फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), जुनं लाइट बिल, रेशनकार्ड, आधार आणि जुन्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रत.

१ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यांना घर मोफत मिळतं. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना अडीच लाख रुपये भरून. त्यामुळे एका जुन्या बिलाचाही फार मोठा फरक पडतो. ट्रंकेत, गावच्या घरी, सगळीकडे शोधा.

बायकांनी आवर्जून यावं. नवं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं, हे अजून अनेकींना माहीत नाही. कागदावर आपलं नाव नीट लिहिलंय ना, हे स्वतः बघा. एकट्या राहणाऱ्या आजी आणि अंथरुणाला खिळलेले सभासद यांच्याकडे आम्ही घरी येऊ, शेजाऱ्यांनी फक्त कळवावं.

आणि कळकळीची विनंती : कोणीही, अगदी ओळखीच्या माणसानेही, कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या संमतीपत्रावर सही मागितली तर देऊ नका. आधी आमच्याकडे आणा, मोठ्याने वाचून दाखवू. आधीच अपात्र ठरलेल्यांनीही यावं. अपील करता येतं, पण त्याला मुदत असते.

तपासणीला कसलीही फी नाही.

– कार्यकारिणी