चिऊ, हॅकाथॉनला निघायच्या आधी वाच

चिऊ,

काल फोनवर दोघांचाही आवाज चढला. तू फोन ठेवल्यापासून आई माझ्याशी बोलत नाहीये, म्हणून हे टाईप करत बसलोय. गाडीत वाचलंस तरी चालेल. कंपनी, ऑफर लेटर, जॉइनिंग यावर एक शब्द काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

तुमची पीपीटी बघितली. पहिल्याच स्लाईडवर आपली कांद्याची चाळ, मागे आण्णांची बाज पण दिसतेय! मी तो फोटो मामांना पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकला, आता रागवू नको. चाळीत कुठल्या कप्प्यात सड लागली ते सेन्सरला वासावरून कळतं आणि मोबाईलवर मेसेज येतो, हे मला एका वाचनात समजलं म्हणजे मांडलंय चांगलं.

पण एक बघ. तुम्ही लिहिलंय साठवणुकीत तीस-चाळीस टक्के कांदा जातो. वाईट वर्षी जातोच, पण ती सगळी सड नसते गं. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी उडून घट येते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते, आणि थंडी पडायला लागली की कोंब फुटतात. तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुमचा सेन्सर त्यातलं मधलं एकच पकडणार. लासलगावला भाभा अणु संशोधन केंद्राचं ते कृषक नावाचं युनिट आहे ना, 2002 पासूनचं, तिथे किरणं देऊन कोंब थांबवतात, पण सड त्याने थांबत नाही. परीक्षकांनी विचारायच्या आत तुम्हीच हे सांगा, म्हणजे तुमचं मशीन कशासाठी आहे ते त्यांना नीट कळेल.

दुसरं म्हणजे, समजा मेसेज आला की मधल्या कप्प्यात सडतंय. पुढे काय? चाळ फोडायला माणसं पाहिजेत, ती त्याच दिवशी मिळाली पाहिजेत, खाद म्हणजे सडका माल निवडून काढायचा, आणि हाताळून मार लागलेला कांदा परत भरून कोण ठेवतो, मग ट्रॅक्टर भरून थेट लिलावात न्यायचा आणि निघेल तो भाव घ्यायचा. त्यामुळे नुसती सड दाखवू नका, त्या दिवशीचा बाजारभाव पण शेजारीच दाखवा, म्हणजे आत्ता फोडावी का आठ दिवस थांबावं ते माणसाला ठरवता येईल.

आणि निम्मी सड शेतातच ठरलेली असते हे तुझ्या त्या कोल्हापूरच्या मित्राला सांग, त्याला सगळं ॲपमध्ये दिसतं. आण्णा काढणीच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडायचे, शेजारचे युरिया टाकून कांदा फुगवायचे तेव्हा आण्णा बांधावरून नुसते बघायचे. पातीसकट सुकवायचा, मान मिटल्याशिवाय चाळीत घालायचा नाही, जोडकांदे आणि फुलाचा दांडा आलेले डेंगळे आधीच बाजूला. तू फ्रॉकमध्ये गोल्टी, ते बारके कांदे, गोळा करायचीस आणि आण्णांना किलोने विकायचीस, ते पण खरे पैसे द्यायचे तुला. पावसाळ्यात भल्या पहाटे उठून चाळीच्या बांबूंना नाक लावत फिरायचे, आजी म्हणायची म्हातारं येडं झालंय.

कुठून कुठे गेलो. सांगायचं होतं ते वेगळंच.

2018 ला आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते, तू तेव्हा नववीत होतीस, सहलीचं आठवत असेलच. मग 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी, तुझी सेकंड इयरची फी राहिलेली, आत्याने काय केलं ते तुला माहितीये. त्या वर्षी कांदा चांगला होता चिऊ. चाळीत सडला नव्हता, काही नव्हतं. तुमच्या मशीनने पण थांबा असंच सांगितलं असतं, आणि रात्रीत दिल्लीहून कागद निघाला. त्याला कुठला सेन्सर लावणार? म्हणून मी म्हणतो की या घरात एक तरी पगार असा असावा जो कांद्याच्या भावावर हलत नाही. कंपनीत दोन वर्ष कर, थोडे पैसे साठव, मग काढ ना स्टार्टअप, मी कुठे नाही म्हणतोय, चाळ काय पळून जाणारे का?

झालं, बोलायचं नाही म्हणून परत तेच बोललो. आईला हे दाखवू नको. सॉरी. तू कांद्यावर काम करतेयस याचा मला किती आनंद आहे ते मला नीट सांगता येत नाही, सांगायला गेलो की भीतीच बाहेर येते.

मशीनची बॅटरी किती दिवस चालते ते पक्कं ठरवून जा, लाईटचं आपल्याकडे काय आहे तुला माहितीये. आणि हॅकाथॉनच्या त्या 36 तासात तू झोपणार नाहीस हे गृहीत धरलंय, निदान जेव. शेव आणि गुळाच्या पोळ्या हेमंतकडे दिल्यात, तो उद्या पुण्यात येतोय.

कंपनीचा मेल आला का? मी विचारत नाहीये, आईने विचारायला सांगितलंय.

तुझे,
पप्पा