नेक बदलण्याआधी काय तपासायचं, हे शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नेक (गिटारची लांब मान, जिच्यावर तारा दाबतात) हाताला बसत नाही म्हणून कुणी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलं, की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठे बसत नाही?" पहिल्या तीन फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मधे, की बाराव्याच्या पुढे? या एका प्रश्नाने आमच्यापैकी अनेकांचा नव्या नेकचा खर्च वाचला. त्याबद्दल हे जाहीर आभार. तुम्ही शिकवलेलं इथे जरा सविस्तर लिहितो आहोत, ते नेक शोधत फिरणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून.

पहिल्या तीन फ्रेटवर बोटं दुखत असतील, तर संशयित क्रमांक एक नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहायचं. फट जेमतेम दिसावी, कागद सरकेल न सरकेल इतकीच. तिथे ठळक उजेड दिसला तर नटची खाच उथळ आहे. दुसरा पुरावा ट्यूनर देतो: मोकळी तार बरोबर सुरात लावूनही पहिल्या फ्रेटवरचा स्वर चढा येतो, कारण तार खाली दाबताना ती ताणली जाते. अशा नटवर एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरलेला) कोणत्याही नेकवर जडच जाणार. खाच तारेच्या जाडीच्या कानशीनेच खोल करायची, उतार हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) ठेवून. जास्त घासली गेली तर मोकळी तार झणझणते. मग बेकिंग सोडा आणि सुपरग्लू भरून तात्पुरतं भागतं, पण खरा उपाय नवा नट.

मधल्या भागाची तक्रार असेल तर नेकचा बाक मोजायचा. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून ठेवणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी). ०.२ ते ०.३ मि.मी. फट ठीक. त्याहून जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, तारा पुन्हा सुरात, आणि मगच पुन्हा मोजणी. रॉड अडला तर जोर लावायचा नाही. त्यानंतर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची: सतराव्या फ्रेटवर साधारण १.६ मि.मी. हा सुरुवातीचा आकडा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी ॲक्शन आणि मग बाक, तर सगळं दोनदा करावं लागतं.

एवढं झाल्यावरही हात कुरकुरत असेल, तरच नेकच्या आकाराकडे वळायचं. आणि इथेच तुमचा खरा उपकार आहे. सगळे जाडी विचारतात, तुम्ही खांदे, म्हणजे नेकच्या कडेपासून पाठीकडे वळणारा भाग, पाहायला लावता.

जाडीचे आकडे सोपे आहेत. आयबानेझचा विझार्ड-३ नेक पहिल्या फ्रेटवर १९ आणि बाराव्यावर २१ मि.मी.; फेंडरचा मॉडर्न सी साधारण २१ आणि २३; जाडजूड नेक पहिल्याच फ्रेटवर २५ च्या आसपास. तारा सैल करून, फ्रेटच्या माथ्यावरून न घेता फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पुढच्या बाजूच्या) लाकडापासून पाठीपर्यंत कॅलिपरने मोजायचं, नाहीतर मिलिमीटरभर उगाच वाढतो. पण २१ मि.मी.चे दोन नेक हातात अगदी वेगळे लागू शकतात. सी आकारात (नेकचा आडवा छेद त्या अक्षरासारखा दिसतो, म्हणून ते नाव) फ्रेटबोर्डच्या कडेपासून पाठीकडे जाताना लाकूड लवकर उतरतं. डी आणि यू आकारात तिथे भरलेलं राहतं, आणि तळहाताला तेच जाड वाटतं. त्यावरची तुमची कागदाच्या पट्टीची युक्ती बिनखर्चाची आहे: सेंटिमीटरभर रुंद पट्टी पहिल्या फ्रेटपाशी फ्रेटबोर्डच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत घट्ट गुंडाळायची, खूण करायची, मग बाराव्यापाशी तेच. आवडलेल्या नेकची आणि नावडत्या नेकची पट्टी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. जाडी आणि रुंदी सारखी असूनही पट्टी लांब भरली, तर खांदे भरलेले आहेत.

लहान हाताला पातळ नेक, हा समज तर तुम्ही मोडीतच काढलात. बार कॉर्ड धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर नेक जास्त पातळ असण्याचीही शक्यता असते. अंगठा आणि बोटं चिमट्यासारखी जवळ येतात आणि स्नायू सतत आवळलेले राहतात. थोडी जाडी तळहाताला टेकायला जागा देते. व्ही आकाराचंही तसंच: अंगठा वरून टाकून वाजवणाऱ्याला तो बेचक्यात छान बसतो, पण अंगठा पाठीच्या मधोमध ठेवणाऱ्याला तीच धार टोचते. म्हणून कुणाचा आवडता नेक आपल्यालाही चालेल, यावर आम्ही आता विश्वास ठेवत नाही.

नटची रुंदी ४२ की ४३, या वादात फार दम नाही. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर आणि कडेला उरलेली जागा मोजावी. कडेला ३ मि.मी.पेक्षा फार कमी उरलं, तर ओढताना पहिली तार कडेवरून घसरते. हे नव्या नटमध्ये खाचा आत घेऊनही सुधारतं.

फ्रेटबोर्डच्या गोलाईचा प्रश्न मात्र नटने सुटत नाही. जुन्या फेंडरची गोलाई (वर्तुळाची त्रिज्या) ७.२५ इंच, आताच्या बहुतेकांची ९.५, गिब्सनची १२. जितका आकडा लहान तितका फ्रेटबोर्ड फुगीर. ७.२५ वर कॉर्ड धरायला आराम, पण ॲक्शन कमी ठेवून वरच्या फ्रेटवर पूर्ण स्वराचा बेंड (तार बाजूला ओढून स्वर चढवणं) घेतला की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मरतो. तिथे ॲक्शन वाढवा, वरचे फ्रेट लेव्हल करून घ्या, किंवा १० ते १६ इंचांची बदलती गोलाई असलेला नेक घ्या.

तारांचा ताण हाही नेकच्या खात्यावर जमा होतो. त्याच तारा, त्याच सुरात, २५.५ इंच स्केलवर (नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी) २४.७५ पेक्षा सुमारे ६ टक्के जास्त ताणलेल्या असतात. कधी कधी १०-४६ चा संच (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) काढून त्याहून बारीक ९-४२ चढवला की तक्रारच संपते.

चकचकीत पाठ घामाने चिकटत असेल, तर ती बदलायची नाही, मॅट करायची. पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकीय भाग) टेपने पूर्ण झाकायचे आणि करड्या नायलॉन स्क्रबरने नेकच्या लांबीच्या दिशेने हलके हात मारायचे. स्टील वूल टाळलेलं बरं; त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही. फ्रेटबोर्डच्या धारदार कडा स्क्रूड्रायव्हरच्या गुळगुळीत दांड्याने फ्रेटांच्या मधे दाबून गोलसर करता येतात. अर्ध्या तासाचं काम, आणि नेक वर्षानुवर्षं वाजवल्यासारखा लागतो.

नवा नेक घ्यायचाच ठरला, तर स्केल ब्रिजच्या जागेशी जुळलंच पाहिजे आणि टाच (नेकचं बॉडीकडचं टोक) बॉडीच्या खाचेत बसली पाहिजे. मेपल कठीण असतं. आधी ३ मि.मी.च्या आसपास भोक पाडून, स्क्रूला मेण लावूनच कसायचं, नाहीतर स्क्रू तुटतो. बॉडीच्या भोकांतून स्क्रू मोकळा जायला हवा. तिथेही आटे पकडले, तर नेक आणि बॉडीत फट राहते.

चिकटवलेल्या नेकला मात्र ही सोय नाही. तिथे लोक पाठ तासून मागतात, आणि ट्रस रॉडवर लाकूड किती उरलंय हे कळत नसेल तर तुम्ही ते काम साफ नाकारता. त्या नकाराबद्दलही मनापासून आभार.

आपले,
तुमच्याकडे गिटार जुळवून घेणारे आम्ही सारे