बाय, तू आधी वायर काढायला लावलीस

प्रिय बाय,

हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरी आभार मानायला लागलो की "काका, चहा आहे?" म्हणून तू विषय बदलतेस.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सहा दिवस होते. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगायची, चौकट माळ्यावरून उतरवताना माझा पाय केबलीत अडकला आणि टेबलावरची हार्ड डिस्क फरशीवर आपटली. बंद असती तर कदाचित वाचली असती, पण चालू होती. तिच्यात बाबांच्या घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या, कातडं चढवलेल्या वाद्यावर म्हटलेल्या. २००९ साली कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या, आणि कॅसेटी त्यानंतरच्या एका पावसाळ्यात बुरशीने गेलेल्या. दुसरी प्रत नव्हती. (बोल, काय बोलायचं ते बोल.) बाबांचं घुमट घोरपडीच्या कातड्याचं. आता घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, घुमटाला बोकडाचं कातडं चढतं, आणि ते बरोबरच आहे. पण तो जुना नाद आमच्या घरात फक्त त्या डिस्कमध्ये उरला होता.

लॅपटॉप विचारत होता, डिस्क फॉरमॅट करायची का? फोंड्यातल्या एका दुकानदाराने फोनवरच सांगितलं, "फॉरमॅट मारून बघा, चालेल." शेजाऱ्यांचा सल्ला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. श्रावण असल्यामुळे फ्रीझर रिकामाच होता, त्यामुळे तेही करणार होतो. डिस्क तोवर मी सात-आठ वेळा लावून काढून झालो होतो.

तुला फोन केला तेव्हा तू वेर्ण्याला ड्युटीवर होतीस. काय गेलं, किती गेलं, काही विचारलं नाहीस. "काका, आधी वायर काढा. मी येईपर्यंत परत लावू नका." माझे आभार खरं तर या वाक्यासाठी आहेत. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

संध्याकाळी भिजत आलीस आणि डिस्क एकदाच लावून तिला कान लावलास, डॉक्टर छातीला लावतो तसा. टकटक आवाज आला असता तर हातही लावणार नव्हतीस. तेव्हा आतलं, चकतीवरचं वाचणारं हेड गेलेलं असतं आणि काम लॅबचं असतं. घरी झाकण उघडायचं नाही, कारण हेड चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर. आणि आपल्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, हे ऐकून शेजारी गप्प झाले. आमची डिस्क टकटकत नव्हती, नुसती अडखळत होती.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलंस, म्हणजे विंडोज मध्येच चेकडिस्क हा आपला दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून लुडबूड करणार नाही. नवी २ टीबीची डिस्क आणायला मला पिटाळलंस आणि डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम लावलास. मला वाटलं होतं, आधी आरत्या शोधशील. तू म्हणालीस, फायली नंतर, आधी अख्ख्या डिस्कची नक्कल, कारण ही किती तास जगेल ते सांगता येत नाही. माटोळीसाठी रानात गेल्यावर हाताला लागेल ते आधी काढतो ना, उंचावरच्यासाठी फांदीला लोंबकळत बसत नाही, तसंच हे: जिथे अडतं तो भाग सोडून पुढे जायचं, मागाहून परत यायचं. रात्री वीज गेली, लॅपटॉपची म्हातारी बॅटरीही गेली, आणि मी देवाकडे बघत बसलो. तू निवांत. कुठपर्यंत आलो याची नोंद पेनड्राइव्हवरच्या फायलीत होती. वीज आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू झालं.

सकाळपर्यंत बहुतेक सगळं आलं. उरलेल्या चिमूटभर भागाने तीन दिवस खाल्ले. ४१ एमबी काही केल्या येईना, तेव्हा तूच "पुरे" म्हणालीस. मी अजून ओढत बसलो असतो.

नंतरचं सगळं नकलेवर. टेस्टडिस्क या हरवलेलं शोधणाऱ्या प्रोग्रामने बरेचसे फोल्डर नावांसकट दाखवले. जे राहिले ते त्याच्याच जोडीच्या फोटोरेकने काढले, पण नावं गेली. एफ आणि पुढे लांबलचक आकडा. तिथे आई कामी आली. हेडफोन तिला नको होते, स्पीकरवर लाव म्हणाली. "ही आमच्या घरची. ही मार्दोळची. हा शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) वाजवणारा चुकायचा, ऐक, आता चुकेल." आणि तो चुकला. काही आरत्यांत मध्येच खट्ट होतं आणि सूर पुढे जातो; एमपीथ्रीचे तुकडे छोटे असतात, एक गेला तरी बाकीचे वाजतात, असं तू सांगितलंस. फोटोंना ती सवलत नाही. २०१२ च्या माटोळीचा अर्धा फोटो राखाडी आहे. नारळ दिसतात, गणपती नाही.

पैसे घेतले नाहीस. आता तीन प्रती आहेत, एक तुझ्या धाकाने मडगावला बहिणीकडे. जुनी डिस्क कपाटात आहे, तिच्यावर तुझ्या अक्षरात "लावू नये".

चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) पोचल्या असतील. डबा आईचा आहे, तो मात्र परत आण.

तुझा,
काका