कडू गेलं, कोकम आलं

महोदय,

काही वर्षांपूर्वी पणजीत क्राफ्ट बिअर (छोट्या कारखान्यांत बनणारी) म्हणजे कडूजहर आयपीए (‘इंडिया पेल एल’ हा बिअरचा प्रकार), असंच समीकरण होतं. आता पोरं ‘हेझी’ मागतात, आंब्याच्या रसासारखी गढूळ. तिच्यात ओट्स-गहू असतात. हॉप्स (बिअरला कडूपणा नि वास देणारी फुलं) उकळताना कमी, आंबवताना जास्त, म्हणून वास फळांचा आणि कडूपणा बेताचा.

मला मात्र गंमत वाटते ती ‘गोझे’ची. मीठ-धणे घातलेली ही आंबट जर्मन बिअर. तिच्यात कोकम पडलं की सोलकढीचीच आठवण होते. (घरी हे बोललो तर आई लाटणं उगारेल.) पण परवा एका बारमध्ये ‘कोकम गोझे’ म्हणून साध्या बिअरमध्ये बाटलीतलं सरबत ओतून दिलं. ओठ चिकटले! दर मात्र क्राफ्टचाच. त्यापेक्षा मार्चपर्यंत थांबून हुर्राक (काजूच्या बोंडांची हंगामी दारू) घेतलेला बरा.

– एक वाचक, फोंडा